पिवळ्या धुळीतली आठवी

परत सगळं पिवळं झालंय. गाडी पिवळी, मेलबॉक्स पिवळा, मागच्या लाकडी डेकवरच्या खुर्च्या पिवळ्या. शेजाऱ्यांचं काळं मांजरसुद्धा पाठीवर पिवळा पट्टा घेऊन फिरतंय. इथे अमेरिकेत, आमच्या अल्फारेटात वसंत येतो तो असा. फुलंबिलं, हिरवळ वगैरे कौतुक नंतर, आधी ही पाइनच्या परागांची भुकटी. हळदीचं पोतं फुटावं आणि कुणी झाडायलाच येऊ नये, तशी ती पडून राहते. दारं बंद ठेवा, खिडक्या बंद ठेवा, तरी डायनिंग टेबलवर बोट फिरवलं की बोट पिवळं. मी ॲलर्जीची गोळी घेते. गोळीने नाक थांबतं आणि त्याच्यासोबत डोकंही थांबतं. मग मी चहा घेऊन खिडकीपाशी बसते आणि चहा निवून जातो.

बिचाऱ्या गोळीला कशाला नाव ठेवायचं म्हणा. या आठवड्यात गोळी घेतली नसती तरी मी अशीच बसले असते.

इराच्या शाळेतून मेल आलाय. इरा माझी मुलगी, एकुलती एक, दहावीत. मेल कौन्सेलरचा, म्हणजे मुलांनी कुठले विषय घ्यावेत, कधी घ्यावेत हे बघणाऱ्या बाईंचा. बाई फार उत्साही आहेत, त्यांच्या मेलमध्ये उद्गारचिन्हं मावत नाहीत. म्हणणं असं, की इराने आठवीत घरी शिकत असतानाच हायस्कूलची काही क्रेडिट मिळवून ठेवलीत. पुढल्या वर्षी दोन विषय जास्तीचे घेतले तर तिचं हायस्कूल अकरावीतच पूर्ण होईल. बारावीची गरज नाही, सरळ कॉलेज! पालकांची संमती असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा!

थोडक्यात, पोरगी घरातून एक वर्ष आधी जाणार.

निखिलने, माझ्या नवऱ्याने, मेल ऑफिसात वाचला आणि लगेच फोन केला. "अगं, एक अख्खं वर्ष वाचलं यार! तू केलेली मेहनत बघ, कशी कामाला आली." मी म्हटलं, हो ना. तो म्हणाला, "तुला आनंद नाही झाला?" मी म्हटलं, झाला की. मला काहीही झालेलं नव्हतं. फोन ठेवला आणि डिशवॉशरमधली भांडी काढून जागेवर लावली. वाट्या वाट्यांत, चमचे चमच्यांत.

संध्याकाळी इरा आली तेव्हा तिला विचारलं. तिने बॅग टाकली, फ्रिज उघडला, फ्रिजमध्येच डोकं घालून म्हणाली, "ओके."

"ओके म्हणजे? जायचंय की नाही?"

"ओके म्हणजे ओके, आई. इफ यू गाइज वाँट."

हे 'ओके' ऐकलं की मी घाबरते. म्हणजे पूर्वी घाबरायचे. आता नुसतं कळतं, की इथे घाबरायला हवं.

सहावीत ती हेच म्हणायची. सगळ्यांना. वर्गात चार-पाच मुलींचा ग्रुप होता, त्यात हिला घेतलं होतं याचंच आम्हाला कोण कौतुक. त्या म्हणायच्या, आमच्या बॅगा धर, ही ओके. तुझी जागा दे, ओके. आज आमच्याजवळ बसू नकोस, उद्या बस, ओके. पुढेपुढे तो त्यांचा खेळच झाला, इराला काय काय सांगता येतं बघायचं. आम्हाला पत्ता नाही. पेरेंट मीटिंगला तिच्या टीचर हसून म्हणाल्या होत्या, तुमच्या मुलीचा काही म्हणजे काही त्रास नाही हो, फार गुणी. आम्ही दोघं घरी येताना आइसक्रीम घेऊन आलो होतो. दिवाळीच्या आसपास ती घरीही बोलेनाशी झाली. विचारलं की मान हलायची. डबा भरलेला परत यायचा. डॉक्टर झाले, कौन्सेलिंग झालं, शाळा बदलून बघू असंही झालं. शेवटी एका सकाळी बस आली, ही पायरीवर बसून राहिली, बस गेली. मी तिला आत आणलं. ती शाळा तिथेच संपली.

ज्याला होमस्कूलिंग म्हणतात ते आमच्याकडे असं सुरू झालं. कुठलं तत्त्व नव्हतं, अभ्यास नव्हता. मूल आत आलं आणि दार लागलं, इतकंच.

पण आपल्या माणसांना दार लागलेलं चालत नाही. नागपूरहून आईचा फोन: "सगळं खरं, पण वर्ष वाया जाईल ना गं पोरीचं?" निखिलच्या काकांचा पुण्याहून फोन: "वर्ष वाया घालवू नका बरं का." गणपतीच्या जेवणाला सुनीताकाकू, आमच्या इथल्या सगळ्यांच्याच काकू, पुरणपोळी वाढता वाढता माझ्या कानाशी येऊन, "वर्षाचं काय करणार आहेस गं?" एकालाही विचारावंसं वाटलं नाही की पोरगी जेवते का. आपल्यात मूल आजारी पडलेलं चालतं, वाळून काडी झालेलं चालतं. वर्ष वाया जाता कामा नये. मी कुणाला कशी हसू? मलाही रात्रंदिवस तेच वाटत होतं. बारावीत मला कावीळ झाली होती तेव्हा घरात माझ्या रक्ताच्या रिपोर्टपेक्षा हॉल तिकिटाची काळजी जास्त होती. कूलरच्या खसाचा तो ओला वास, उशाशी उसाचा रस आणि मांडीवर फिजिक्स. मी पेपर दिले. वर्ष वाचलं.

तर मग इराचंही वाचवायचं ठरलं. वाचवायचंच आहे तर थोडं पुढेही जाऊ, असं कधी झालं ते आठवत नाही. इथे हायस्कूल नववीपासून. प्रत्येक विषय पूर्ण केला की एक क्रेडिट मिळतं, आणि ठरलेली क्रेडिट भरली की शाळा सुटली. आठवीतल्या मुलालाही हायस्कूलचा विषय करता येतो, पण आईने घरी बसून दिलेले मार्क शाळा असे थोडीच मानते? मान्यता असलेला ऑनलाइन कोर्स लागतो, किंवा परीक्षा. मी ते सगळं शोधून काढलं. माझ्याकडे तेव्हा नोकरी नव्हती, व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. होती ती एक इंजिनिअरिंगची डिग्री आणि एक गप्प मूल. अल्जिब्रा, फिजिकल सायन्स आणि मराठी अशी तीन क्रेडिट ठरली. हो, मराठी. परकीय भाषा म्हणून चालते. निखिल म्हणाला, "ही तर फुकटातली आहे, घरचीच."

आठवीतला तो एप्रिल. बाहेर हीच पिवळी धूळ आणि आत आम्ही दोघी डायनिंग टेबलच्या एकाच बाजूला. समोरासमोर बसलं की तिला मी टीचर वाटायचे, म्हणून शेजारी. टेबलचा माझ्याकडचा कोपरा पुस्तकांनी भरलेला, तिच्याकडच्या कोपऱ्यात सोललेल्या संत्र्याची सालं. ती एका हाताने संत्रं खायची आणि दुसऱ्याने समीकरणं सोडवायची. दोन्ही सावकाश. मला घाई. "एक्स तिकडे ने ना, किती वेळ बघत बसतेस त्याच्याकडे?" ती एक्सकडे बघत राहायची. मग न्यायची. उत्तर बरोबर यायचं. मला तिची घाई न करणं बघवायचं नाही, आणि उत्तर बरोबर आल्यावर बोलताही यायचं नाही.

सायन्समध्ये घनता आली तेव्हा आम्ही एका उंच ग्लासात मध, पाणी, तेल असं एकावर एक ओतलं. तिने मला न विचारता फोडणीच्या डब्यातली मोहरी आणून वरून सोडली. मोहरी कुठे थांबते हे बघत आम्ही कितीतरी वेळ टेबलवर हनुवटी टेकवून बसलो. त्या कोर्समध्ये मोहरी नव्हती. त्याचे मार्कही नव्हते. मी मध्येच घड्याळ बघितलं आणि म्हटलं, चल, पुढचा धडा. तिने ग्लास उचलून खिडकीत ठेवला. तो तिथेच राहिला, मध तळाशी, आणि वर तेलावर हळूहळू पिवळी धूळ.

दुपारी मराठी. आता घरची म्हणावी तर इरा मराठीत ऐकायची आणि इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, इथल्या सगळ्या पोरांसारखी. सहावीनंतर तर इंग्लिशमध्येही देत नव्हती. परीक्षेत बोलायचा भाग होता. स्क्रीनवर एक बाई प्रश्न विचारणार आणि हिने सलग बोलायचं. मी रोज तिला विषय द्यायचे: माझा आवडता सण, माझी सहल, आमची शाळा. 'आमची शाळा' म्हटल्यावर मी पान उलटलं. ती एकेका वाक्यात संपवायची. "मला दिवाळी आवडते." बरं, का आवडते? "छान असते." अगं, अजून काहीतरी बोल बाई! तर ती माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "ओके." आणि बोलायची नाही. माझं डोकं फिरायचं. उठून मी कुकर लावायचे, ती डेकवर जाऊन धुळीवर बोटाने चित्र काढायची.

परीक्षा घरूनच होती. नियम असा की खोलीत दुसरं कुणी नको. मी लाँड्रीच्या खोलीत दार लोटून टॉवेल घड्या करत उभी. पलीकडून त्या बाईंचा आवाज आला, "तुझ्या घरातल्या एका दिवसाबद्दल सांगशील?" मग काहीच आवाज नाही. मी मनात म्हटलं, गेलं. वर्ष गेलं.

आणि मग ती बोलायला लागली. सावकाश, एक्सकडे बघायची तशी. "सकाळी बाबा ऑफिसला जातो. मग आई आणि मी. आई भरभर बोलते. ती माझ्या बाजूला बसते. दुपारी आमच्या घरात काहीच होत नाही. मला ते आवडतं. बाहेर सगळं पिवळं आहे, पण आत कोणी येत नाही. मला भूक लागते. आधी लागत नव्हती."

हातातला टॉवेल घडी केलेलाच होता. मी तो उलगडला आणि परत घडी केला. त्या बाई म्हणाल्या, "वा, छान." पुढचा प्रश्न विचारला. मला रडू यायला हवं होतं. एवढं बोलली पोरगी, कितीतरी महिन्यांनी, आणि मी विचार करत होते की भूतकाळ बरोबर वापरला का, त्याचे मार्क कापतील का.

क्रेडिट मिळालं. तिन्ही मिळाली. सुनीताकाकूंनी सगळ्यांना सांगितलं. नववीत ती परत शाळेत गेली, वेगळ्या, मोठ्या शाळेत. आता जेवते, झोपते, दोन मैत्रिणी आहेत, बरी आहे. माझ्याशी बोलते ते इंग्लिशमध्ये, तेही बेताचंच. त्या एप्रिलचं शाळेच्या रेकॉर्डवर काय उरलं तर तीन ओळी, विषयाचं नाव आणि ग्रेड. वाया काही गेलं नाही.

मी तेव्हा जरा हिशेब केला असता तर कळलं असतं की आधी मिळवलेलं कुठून तरी वजा होणार. एका टोकाला वर्ष वाचवलं की दुसऱ्या टोकाला ते सुटून येतं, आणि ते सुटून येणारं वर्ष म्हणजे तिचं घरातलं शेवटचं. इंजिनिअर बाईला एवढं साधं गणित सुटलं नाही. पण सुटलं असतं तरी मी तेच केलं असतं. आमच्या घरात पुढे जायला मिळत असताना थांबलेलं माणूस मी पाहिलेलंच नाही.

बुधवारी मी आईला फोन केला. तिच्याकडे सकाळ होती, मागे कुणीतरी बादली ओढत होतं. इकडचं तिकडचं झालं. मग मी विचारलं, "आई, मी इकडे यायला निघाले तेव्हा तुला वाटलं नव्हतं का गं, मला थांबवावं?"

"वाटलं ना," ती म्हणाली, जणू मी भाजीचा भाव विचारला. "विमानतळावर तर लई वाटलं."

"मग म्हणाली का नाहीस?"

"असं म्हणतात का बापा कोणी? लेकरू पुढे चाललं, अन् त्याला थांब म्हणायचं?"

"मग काय केलंस?"

"तुझ्या बॅगेतली चिवड्याची पिशवी परत बांधली. सैल राहिली होती."

मला ती पिशवी आठवते. दोऱ्याच्या इतक्या गाठी होत्या की इथे पोचल्यावर ती कात्रीने कापावी लागली होती. मला राग आला होता, एवढ्या गाठी कशाला मारते ही बाई. फोन झाल्यावर मी नाक शिंकरलं. धूळ फार होती त्या दिवशी.

आपल्याकडे थांब म्हणत नाहीत. नीट जा म्हणतात, पोचल्यावर कळव म्हणतात, स्वेटर घेतलास का विचारतात. थांब हा शब्द कुणाच्या तोंडातून निघत नाही. तो न म्हणणं म्हणजेच मोठेपणा, असं आम्हाला कुणी शिकवलं नाही, पण सगळ्यांना येतं. माझ्या आईला येतं, मला येतं. निखिलला तर असं येतं की त्याला कळतही नाही आपल्याला येतंय. आणि हे सगळं असताना समोर एक मुलगी, जिला काय हवंय ते मला माहीत नाही, कारण ती 'ओके' म्हणते.

गुरुवारी शाळा सुटल्यावर ती म्हणाली गाडी धुते, उद्या मैत्रिणीकडे जायचंय, अशी पिवळी घेऊन जाणार नाही. इथे सोळा झाली की पोरं गाडी चालवतात. मला अजून सवय झालेली नाही. मी बाहेर गेले. ती पाइप धरून उभी होती, काचेवरून पिवळे ओघळ खाली येत होते आणि ड्राइव्हवेवरून वाहत गटाराकडे चालले होते. मी फडकं घेऊन दुसऱ्या बाजूने पुसायला लागले. मी पुसलेल्या ठिकाणी ती परत पाणी मारत होती.

मग मी म्हटलं, "इरा, नको ना जाऊस."

पाण्याच्या आवाजात तिला ऐकू आलं नाही. "व्हॉट?"

आता परत म्हणायचं की नाही. एकदा निसटलं ते ठीक, दुसऱ्यांदा म्हणजे मनापासून म्हणणं झालं. मला एकदम भीती वाटली. खरी भीती. कितीतरी दिवसांत इतकं स्वच्छ काही वाटलं नव्हतं. भीती ती जाईल याची नव्हती. मी राहा म्हणेन आणि ती म्हणेल 'ओके', याची होती. बॅगा धर म्हटलं की ओके, बारावी कर म्हटलं की ओके. राहील ती माझ्याजवळ अख्खं वर्ष, आणि मला कधीच कळणार नाही की तिला राहायचं होतं की नाही. तरी मी म्हटलं. आमच्या घरात हे कुणीतरी एकदा म्हणायलाच हवं होतं.

"एक वर्ष आधी नको जाऊस. राहा अजून. मला तू हवी आहेस घरात."

तिने पाइप बंद केला. माझ्याकडे बघत राहिली, एक्सकडे बघायची तशीच, सावकाश. मी घाई केली नाही. ओठ हलले तेव्हा मी मनात 'ओके' ऐकूनसुद्धा टाकलं.

"नाही, आई," ती म्हणाली. "मला जायचंय."

मग घाबरल्यासारखी थांबली. मी काही म्हणते का बघितलं. मी काही म्हटलं नाही, तेव्हा आणखी जोरात म्हणाली, "मला खरंच जायचंय. तू रडलीस तरी."

मी रडत होतेच. केव्हापासून ते माहीत नाही. मी म्हटलं बरं, आणि बाहीने तोंड पुसलं, तर तोंडभर पिवळं झालं आणि ती हसायला लागली. ती पुढे यायला लागली, मी हातानेच थांबवलं. मला थोडा वेळ तिथेच उभं राहून तिला बघायचं होतं. असं एक 'नाही' तिने सहावीत कुणाला म्हटलं असतं, तर तिला घरी ठेवायची वेळच आली नसती.